दुसरी किल्ली

बँकेच्या शाखेतील तिजोरीला दोन किल्ल्या लागतात. एक अधिकाऱ्याकडे असते, दुसरी मुख्य रोखपालाकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. दोघांपैकी कोणी रजेवर गेला, तर किल्ली ज्याच्या स्वाधीन करायची त्याचे नाव, तारीख, वेळ आणि सही नोंदवहीत घ्यावी लागते. परत आल्यावर पुन्हा तशीच नोंद. नोकरीच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी तीन वर्षे लेखापाल होतो आणि माझा एक मित्र तेथेच मुख्य रोखपाल होता. रोज सकाळी आम्ही दोघे तिजोरीसमोर उभे राहत असू. आधी त्याची किल्ली, मग माझी. त्या तीन वर्षांत रोकड मोजताना एका रुपयाचाही फरक पडला नाही, याचा आम्हा दोघांना आजही अभिमान आहे.

हे सारे आठवण्याचे कारण एक खेळ आहे. 'या वयात खेळ?' असे वाचकांच्या मनात येईल. घरच्यांच्याही आले होते. पण त्या खेळाने मला जे शिकवले ते अडतीस वर्षांच्या नोकरीने शिकवले नव्हते, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

त्या शाखेत आम्ही चौघे एकत्र होतो. दुपारच्या सुट्टीत डबे संपले की बुद्धिबळाचा पट मांडला जाई. पुढे बदल्या झाल्या आणि चौघे चार दिशांना गेलो. काही काळ आम्ही पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून डाव चालू ठेवला होता. एक डाव तर अकरा महिने चालला. निवृत्तीनंतर एक जण नाशिकला स्थायिक झाला, एक इंदूरला, एक मुलाकडे अमेरिकेत न्यू जर्सीला, आणि मी नगरला. अमेरिकेतील मित्राच्या मुलाने एकदा सुचवले, "काका, तुम्ही पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचात ना? मग ईमेलवर राज्य चालवून बघा."

त्या खेळाचे नाव 'मेडिव्हल टू : टोटल वॉर'. इंग्लंडमधील 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या कंपनीने तो २००६ साली बाजारात आणला. संगणकाच्या पडद्यावर युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांचा नकाशा उलगडतो. काळ इसवी सन १०८० ते १५३०. प्रत्येक खेळाडूने एक राज्य निवडायचे आणि शहरे, शेती, रस्ते, बंदरे, कर, सैन्य, तह, विवाहसंबंध, सारा कारभार पाहायचा. एका फेरीत दोन वर्षे सरतात. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणीत 'हॉटसीट' नावाची सोय झाली. एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून अनेकांनी खेळायचे, असा तिचा अर्थ. आपली पाळी खेळून झाली की डाव फाइलमध्ये साठवायचा आणि ती फाइल ईमेलने पुढच्याला पाठवायची. प्रत्येक राज्याला स्वतंत्र पासवर्ड असतो. तो टाकल्याशिवाय त्या राज्याची तिजोरी आणि सैन्य दुसऱ्याला दिसत नाही. मित्राच्या मुलाने आम्हा चौघांचा डाव मांडून दिला. नाशिककरांनी बायझंटाइन साम्राज्य घेतले, तेव्हापासून ते आमचे 'सम्राट'. इंदूरकर इजिप्तचे सुलतान झाले, अमेरिकेतील मित्राने सिसिली घेतली. मला सर्वांनी एकमताने व्हेनिस दिले. बँकेत माझे टोपणनाव 'शेठ' होते आणि व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे राज्य होते, एवढेच कारण.

नियम साधे होते. प्रत्येकाने दोन दिवसांत पाळी खेळायची. म्हणजे साधारण आठवड्याला एक फेरी. लढाया पडद्यावर स्वतः न लढता त्यांचा निकाल यंत्राकडून काढून घ्यायचा. आणि फाइलबरोबर प्रत्येकाने एक खलिता लिहायचा. हा शेवटचा नियम सम्राटांचा. "नुसती फाइल पाठवणे म्हणजे पत्राशिवाय धनादेश पाठवण्यासारखे आहे," असे त्याचे म्हणणे. मग खलित्यांची चढाओढ लागली. 'श्रीमंत इजिप्तच्या सुलतानांस व्हेनिसच्या शेठजींचा सविनय जयजिनेंद्र. आपल्या बंदरात आमची गलबते येऊ द्यावीत, जकातीचे बोलणे समक्ष करू,' असे मी लिहावे, आणि उलट टपाली सुलतानांनी, 'गलबते येऊ देऊ, परंतु मागील वेळी पाठविलेले नगरी पेढे वाटेतच संपले, त्याचा खुलासा व्हावा,' असे कळवावे. खरे सांगायचे तर आठवडाभर आम्ही फाइलची नव्हे, खलित्याची वाट पाहत असू.

व्यापारी घरात जन्मलेल्या माणसाला या खेळात रमायला वेळ लागत नाही. त्यात व्यापारी नावाचे पात्र आहे. त्याला नकाशावर रेशीम, मसाले, सोने, हस्तिदंत अशा मालाच्या जागी नेऊन उभे करायचे. राजधानीपासून जितका दूर, तितका नफा अधिक. माझा एक व्यापारी सहारा ओलांडून टिंबक्टूला पोचायला कित्येक फेऱ्या लागल्या, पण तेथल्या सोन्यावर तो उभा राहिला आणि व्हेनिसच्या तिजोरीचे रूप पालटले. मग मी त्या मुलखाविषयी वाचू लागलो. त्याच मुलखातील माली राज्याचा राजा मान्सा मुसा १३२४ साली हज यात्रेला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतके सोने वाटले की तेथे सोन्याचा भाव पडला. फ्लॉरेन्सने १२५२ साली फ्लोरिन हे सोन्याचे नाणे पाडले. खेळातील चलनही तेच. त्याच तेराव्या शतकात आपल्या गुजरातेत वस्तुपाल-तेजपाल हे मंत्री आबूवर मंदिर उभारीत होते आणि कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली होती, हे ध्यानात आले की नकाशाच्या कडेबाहेरचा आपला मुलूखही दिसू लागतो.

बँकवाला म्हणून या खेळाविषयी माझी एक तक्रार मात्र आहे. त्यात कर्ज नाही. तिजोरी उणे झाली की नवी भरती आणि नवे बांधकाम बंद पडते, पण त्या उणे रकमेवर व्याज लागत नाही. असा ओव्हरड्राफ्ट मी नोकरीत कोणाला दिला असता तर पेन्शन मिळाली नसती.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तो आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात विचारला होता. त्या सामायिक आटोपून आल्या, माझ्या पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे काय, माणसं मारायचा खेळ?" मी म्हणालो, "माणसे कुठे आहेत? हे आकडे आहेत." त्या म्हणाल्या, "प्रसन्नचंद्र राजर्षींसमोर तरी माणसं कुठे होती?"

ती कथा वाचकांना ठाऊक आहे. राजर्षी ध्यानस्थ उभे असताना, मागे ठेवलेल्या बाल पुत्राचे राज्य शत्रू घेत आहेत असे बोलणे त्यांच्या कानांवर पडले. देह ध्यानात राहिला आणि मन रणांगणात उतरले. मनातली शस्त्रे संपली, तेव्हा शत्रूवर फेकण्यासाठी मुकुट काढायला हात डोक्याकडे गेला आणि मुंडन केलेल्या मस्तकाला लागला. त्या स्पर्शाने ते भानावर आले. इकडे भगवान महावीर श्रेणिक राजाला सांगत होते की, या क्षणी त्यांना मृत्यू आला असता तर नरकगती मिळाली असती. आणि थोड्याच वेळात केवलज्ञान झाल्याची वार्ता आली.

मी विनोदाने म्हणालो, "माझा हात डोक्याकडे गेला तर मला आपोआपच भान येईल." त्या हसल्या नाहीत. म्हणून मी त्यांच्यासमोर स्वतःसाठी काही मर्यादा ठरवल्या. लढाई जिंकल्यावर खेळ तीन पर्याय देतो : बंदिवान सोडणे, खंडणी घेऊन परत करणे किंवा मारणे. मी नेहमी सोडून देईन. शहर जिंकल्यावरही तीन पर्याय असतात : केवळ ताबा घेणे, लुटणे किंवा कत्तल. मी केवळ ताबा घेईन. मारेकरी नावाचे पात्र खेळात आहे, ते मी कधीही नेमणार नाही. आणि चातुर्मासात स्वतःहून युद्ध पुकारणार नाही. मित्रांनी यावर बरीच थट्टा केली. 'व्हेनिसचे सैन्य वर्षावासात आहे' असा खलिता सिसिलीहून आला होता. पण मी नियम पाळले. आपण खेळातही व्रत सांभाळतो, याचे मला समाधान वाटे. त्या समाधानात थोडा अहंकारही होता, हे तेव्हा कळले नाही.

डाव सुरू होऊन वर्ष उलटले असेल. सम्राट आणि मी यांचा पहिल्या फेरीपासून मैत्रीचा तह होता. एका रात्री त्याचा फोन आला. वहिनींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती, मुंबईला. त्याचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "पाच-सहा आठवडे मला खेळता यायचं नाही. डाव थांबवू नका, बाकीचे दोघे कंटाळतील. माझ्या पाळ्या तू खेळ. पासवर्ड पाठवतो." दोन दिवसांनी ईमेल आला. विषयाच्या जागी एकच शब्द होता : 'किल्ली'.

मी पाच फेऱ्या त्याचे साम्राज्य सांभाळले. त्यात एक फ्लोरिन इकडचा तिकडे केला नाही. त्याच्या ठरलेल्या धोरणानुसार सैन्य पूर्वेकडे तुर्कांच्या सीमेवरच ठेवले, बंदरे बांधली, कर वाढवले नाहीत. दर फेरीचा गोषवारा लिहून ठेवला. शिवाय खलिते चालू ठेवले. सम्राटांच्या नावाने व्हेनिसला आणि व्हेनिसच्या नावाने सम्राटांना, दोन्ही मीच लिहीत असे. ते तो मुंबईहून वाचतो एवढेच मला कळत होते. सहाव्या आठवड्यात वहिनी घरी आल्या, त्याने किल्ली परत घेतली आणि पासवर्ड बदलला. लेखापरीक्षकाने बोट ठेवावे असे माझ्या कारभारात काही नव्हते.

पण पाच फेऱ्या मी त्याच्या खुर्चीत बसून त्याचे राज्य पाहिले होते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावापुरतीच शिबंदी आहे, तिजोरी बंदरांवर खर्च झाली आहे आणि पूर्वेचे सैन्य परत यायला निदान तीन फेऱ्या लागतील, हे मला माहीत झाले होते. माझी गलबते जवळच क्रीटला होती. चातुर्मास अजून लागायचा होता.

त्याने किल्ली परत घेतल्यानंतरच्या पहिल्याच पाळीत मी तह मोडला, सैन्य उतरवले आणि पुढच्या पाळीत कॉन्स्टँटिनोपल घेतले. ताबा, लूट की कत्तल, असे खेळाने विचारले. मी नेमाप्रमाणे 'ताबा' निवडला. एकाही नागरिकाला धक्का लागला नाही, असे मी घरात सांगितल्याचेही आठवते.

त्यावर मी खलिता लिहिला. तो मला त्या वेळी फार चातुर्याचा वाटला होता. इतिहासातील चौथी धर्मयुद्धाची मोहीम ही मुळात थकलेल्या कर्जाची गोष्ट आहे. १२०१ साली व्हेनिसने ३३,५०० माणसे आणि ४,५०० घोडे समुद्रपार नेण्याचा करार ८५,००० मार्क चांदीला केला. वर्षभर इतर कामे बाजूला ठेवून गलबते बांधली. पण ठरल्याच्या जेमतेम एक तृतीयांश माणसे आली आणि रक्कम पुरी पडेना. मग व्हेनिसचा वृद्ध, अंध प्रमुख एन्रिको दांदोलो याने वसुलीचा मार्ग काढला : आधी झारा हे शहर घेऊन द्या. त्यानंतर बायझंटाइन गादीवर हक्क सांगणाऱ्या एका राजपुत्राने मोठी रक्कम कबूल केली, तीही थकली, आणि एप्रिल १२०४ मध्ये जेरुसलेमला निघालेल्या त्या सैन्याने स्वधर्मीयांचेच कॉन्स्टँटिनोपल घेऊन तीन दिवस लुटले. तेथून नेलेले काशाचे चार घोडे आजही व्हेनिसमध्ये आहेत. आमच्या डावात तेव्हा ११९८ साल चालू होते. म्हणून मी लिहिले : 'सम्राटांस व्हेनिसचा नमस्कार. आम्ही नवीन काही केले नाही. इतिहासाने जे १२०४ साली करायचे ठरवले आहे, ते सहा वर्षे आधी उरकले. बँकेच्या भाषेत यास मुदतपूर्व वसुली म्हणतात.'

सुलतानांचे आणि सिसिलीचे खलिते आले, त्यात हशा होता. नाशिकहून ठरलेल्या वेळेत फाइल आली. खलिता नव्हता.

पुढच्या आठवड्यातही नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. त्याने डाव सोडला नाही, वेळ चुकवली नाही, तक्रार केली नाही. उरलेली शहरे तो नेटाने सांभाळीत राहिला. विषयाच्या जागी फक्त फेरीचा क्रमांक असे. मी एकदा फोन केला. वहिनींची प्रकृती, पाऊस, पेन्शनचे हयातीचे दाखले, असे बोलणे झाले आणि संपले. मी स्वतःची समजूत घातली. खेळात तह मोडतातच. 'डिप्लोमसी' नावाचा एक बैठा खेळ अमेरिकेत १९५९ साली विक्रीला आला आणि १९६३ पासून लोक तो टपालाने खेळू लागले; त्यात तर तह करणे आणि मोडणे हाच खेळ आहे. नियमबाह्य मी काय केले? किल्ली माझ्याकडे असताना मी काहीच नेले नव्हते. ती परत केल्यावर जे केले, ते माझ्या पाळीत, माझ्या सैन्याने केले. हा युक्तिवाद मी मनात इतक्या वेळा मांडला की, तो खरा असता तर इतक्या वेळा मांडावा लागला नसता, हे मला उमजायला हवे होते.

पर्युषण आले. संवत्सरीच्या संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमण चालू होते. श्रावकाच्या दुसऱ्या व्रतात पाच मोठ्या असत्यांची नावे येतात : कन्येविषयीचे खोटे, गाईविषयीचे, भूमीविषयीचे, मग थापणमोसो, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणे किंवा गिळणे, आणि शेवटी खोटी साक्ष. तत्त्वार्थसूत्रातही सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये न्यासापहार सांगितला आहे. लहानपणापासून हा पाठ ऐकत आलो. बँकेत लागल्यापासून तर चौथे नाव आले की मनातल्या मनात मान ताठ व्हायची. हजारो लोकांच्या ठेवी सांभाळल्या, एकीलाही ढळ लागू दिला नाही. हा अतिचार आपल्या खाती नाही.

त्या संध्याकाळी 'थापणमोसो' हा शब्द आला आणि पुढचा पाठ मला ऐकू आला नाही.

बँकेत रुजू होताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. ग्राहकाच्या खात्यात काय आहे हे कामामुळे आपल्याला कळते. ते कळणे त्याच्या कामापुरतेच वापरायचे. एखाद्या अधिकाऱ्याने रजेतल्या सहकाऱ्याचे टेबल सांभाळताना एखाद्या ग्राहकाची अडचण पाहिली, आणि महिन्याभराने त्याच माहितीवर त्याचे दुकान स्वस्तात विकत घेतले, तर मी काय म्हणालो असतो? 'पैसे तर घेतले नाहीत ना,' असे नक्कीच म्हणालो नसतो. मित्राने माझ्याकडे शहर ठेवले नव्हते, फ्लोरिन ठेवले नव्हते. त्याने स्वतःची उघडी बाजू माझ्याकडे ठेवली होती. ती ठेव मी परत केलीच नव्हती. ती परत करताच येत नाही. फक्त न वापरता सांभाळता येते.

आणि मी अहिंसेचा पहारा कोठे देत होतो? पडद्यावरच्या आकड्यांवर. बंदिवान सोडले, कत्तल टाळली, मारेकरी नेमला नाही. ज्या दारातून घाव गेला त्या दाराशी मी उभाच नव्हतो. सौभाग्यवतींनी प्रसन्नचंद्रांची कथा सांगितली होती ती शत्रूंच्या संदर्भात, असे मी धरून चाललो होतो. माझ्या मनातल्या रणांगणावर मित्र होता.

घरी आलो तेव्हा फोनवर 'मिच्छामि दुक्कडम्'चे संदेश येऊन पडले होते. फुलांची चित्रे, जोडलेले हात. मीही दरवर्षी असाच एक संदेश शे-दीडशे जणांना पाठवतो. त्या यादीत नाशिककरांचे नाव होते. ते मी काढले, आणि दुसऱ्या दिवशी पारणे करून सकाळच्या बसने नाशिकला निघालो.

दार वहिनींनी उघडले. बऱ्याच अशक्त दिसत होत्या, पण हसल्या. "या भाऊजी. आधी कळवलं असतंत तर कांदा-लसूण न घालता केलं असतं. आता थोडं थांबावं लागेल." सम्राट आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. मी वळणे न घेता बोललो. तो हिंदू आहे, प्रतिक्रमण वगैरे त्याला समजावून सांगत बसलो नाही. एवढेच म्हणालो, "किल्ली माझ्याकडे होती तेव्हा आत काय आहे ते मी पाहिलं, आणि किल्ली परत दिल्यावर ते वापरलं. चुकलो. क्षमा मागायला आलो आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शेठ, शहराचं मला काही नाही. खेळ आहे, गेलं तर गेलं. मी तो पासवर्ड लिहिला तेव्हा कुठे होतो माहीत आहे? हिला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. हात रिकामे होते. काय करावं सुचेना. म्हटलं, एक तरी गोष्ट अशी आहे जी आपण कुणाच्या तरी हाती देऊ शकतो आणि तिची काळजी करावी लागणार नाही. म्हणून लिहिला." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "तू त्यावर विनोद केलास. मुदतपूर्व वसुली."

मला उत्तर नव्हते. शहर परत द्यायला मी तयार होतो, तसे सांगितलेही. त्याने हात झटकला. "दान नको. घ्यायचं तर मी लढून घेईन."

जेवताना वहिनी म्हणाल्या, "हल्ली तुमचे ते खलिते का येत नाहीत? हॉस्पिटलात हे मला रोज संध्याकाळी वाचून दाखवायचे. तुम्ही दोन्हीकडून लिहायचात ना? टाके ओले होते, हसायची चोरी. तरी मी हसायची आणि नर्स ओरडायची." माझा घास हातातच राहिला. मी ते खलिते डाव चालू राहावा म्हणून लिहिले होते. ते कोठे वाचले जात होते हे मला ठाऊक नव्हते, आणि वहिनी घरी येऊन महिना व्हायच्या आत मी त्यांना ते वाचायला मिळणे बंद पाडले होते. सम्राट ताटाकडे पाहत म्हणाला, "येतील आता." एवढ्यावर तो विषय संपला. सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपेल, याची वहिनींनी मला न विचारता काळजी घेतली होती.

सगळे पूर्ववत झाले, असे मी म्हणणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर मलाही वेळ लागला असता. पहिला खलिता दोन आठवड्यांनी आला, दोनच ओळींचा. दिवाळीपर्यंत त्यांची लांबी वाढली. आम्ही चौघांनी एक नियम नव्याने लिहिला : जो दुसऱ्याचे राज्य सांभाळेल, त्याने त्या राज्यावर पुढील दहा फेऱ्या चाल करायची नाही. सुलतानांनी विचारले, "दहाच का?" सम्राट म्हणाला, "त्यानंतर आतली माहिती शिळी होते. तेवढं बँकेलाही चालतं."

गेल्या मार्गशीर्षात त्याला वहिनींना घेऊन मुलीकडे बंगलोरला जायचे होते. एका सकाळी ईमेल उघडला. विषयाच्या जागी तोच एक शब्द होता : 'किल्ली'. मी तो बराच वेळ पाहत राहिलो. मग कपाटातून एक जुनी वही काढली, समास आखले आणि लिहिले : किल्ली स्वीकारली, तारीख, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे, सही. तीन फेऱ्या खेळलो. तो परत आल्यावर : किल्ली परत केली, तारीख, वेळ, सही. त्या पानाचा फोटो त्याला पाठवला. त्याने त्यावर स्वतःची सही करून परत पाठवला. नोंद पूर्ण झाली.

नियमाप्रमाणे माझे सैन्य दहा फेऱ्या जागेवर थांबले आहे. हा नियम माझ्यावर लागू आहे, त्याच्यावर नाही, हे मात्र लिहिताना कोणाच्या लक्षात आले नव्हते. चौथ्या फेरीत सम्राटांनी माझे क्रीट बेट घेतले. सोबत दोन पानी खलिता होता, खाली वहिनींच्या हस्ताक्षरातील एक ओळही. बेट गेल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही असे लिहिले, तर तेही असत्यच ठरेल. पण खलिता मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवला. या वेळी त्या हसल्या.